दोन घास कमी

पर्युषणाची सांगता होते, परस्परांना क्षमापना केली जाते आणि पारण्याचा दिवस उजाडतो. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहिलेल्या तपस्व्यांना मुगाचे पाणी, पातळ राब अशा हलक्या आहाराने पारणे करविले जाते. घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने एकेक चमचा भरवतात. आठ दिवस विसावलेल्या पचनसंस्थेवर एकदम भार टाकू नये, हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पण त्याच दिवशी, त्याच मंडपात दुसरीही एक पंगत बसलेली असते. तिच्या ताटात दोन प्रकारची मिठाई, दोन तळीव पदार्थ, तुपात भिजलेली पुरी आणि वरून वाढप्यांचा आग्रह असतो. तपस्व्याच्या पोटाची एवढी काळजी घेणारा समाज बाकीच्यांच्या पोटाला मात्र कसलीच सवलत देत नाही.

आपल्या समाजात मद्य-मांस नाही, अभक्ष्य नाही, अनेक घरांत रात्रीचे जेवण नाही. तरीही मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार आपल्या उंबऱ्यावर थांबलेले नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत आणि आणखी १३.६ कोटी लोक त्या उंबरठ्यावर उभे आहेत. हे आकडे सर्व समाजांचे मिळून आहेत. पण सकाळी बागेत फिरणाऱ्या आपल्याच ज्येष्ठांच्या गप्पा ऐकल्या, तर त्यांत आपला वाटा किती असेल याचा अंदाज येतो. काय खाऊ नये हे आपण नीट शिकलो. किती खावे, हा धडा मात्र मागे राहिला. आणि तो आपल्याच शास्त्रात, अगदी उपवासाच्या शेजारी लिहिलेला आहे.

दुसऱ्या क्रमांकाचे तप

जैन दर्शनाने बारा प्रकारची तपे सांगितली आहेत. सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. बाह्य तपांत पहिले अनशन, म्हणजे आहाराचा त्याग. दुसरे ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. दिगंबर परंपरेत यालाच अवमौदर्य म्हणतात. तिसरे वृत्तिसंक्षेप, म्हणजे आहाराविषयी आधीच मर्यादा घालून घेणे, आणि चौथे रसपरित्याग, म्हणजे दूध, तूप, तेल, गोड अशा रसांचा त्याग. सहा बाह्य तपांपैकी चार थेट जेवणाशी निगडित आहेत, यावरून जिभेचा संयम किती मोलाचा मानला गेला हे ध्यानात येते.

ऊणोदरीचे मोजमापही शास्त्रकारांनी दिले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळांचा आणि स्त्रीचा २८ कवळांचा मानून त्याहून एक घास जरी कमी घेतला, तरी ऊणोदरीचा आरंभ होतो. पुढे चोवीस, सोळा, बारा, आठ अशा तिच्या चढत्या पायऱ्या आहेत. म्हणजे हे तप अगदी एका घासापासून सुरू होते. ज्याला उपवास झेपत नाही, आयंबिल जमत नाही, अशा कोणत्याही श्रावक-श्राविकेला ते आज दुपारच्या जेवणापासून करता येईल.

तरीही ते आचरणात दुर्मीळ का? कारण उपवासाला प्रारंभ आणि शेवट असतो. पच्चक्खाण घेतले जाते, घरचे सुखसाता विचारतात, समाज अनुमोदना करतो, मोठ्या तपस्येचा वरघोडा निघतो. ऊणोदरी कोणाला दिसत नाही. शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही की आपण अजून एक पोळी खाऊ शकलो असतो. तिला पारणे नाही, कारण ती संपतच नाही. ती रोज, दोन्ही वेळा, एकट्यानेच पाळायची असते. आठ दिवसांचा निग्रह करू शकणारी माणसेही नवव्या दिवशी वाटीभर बासुंदीपुढे हरतात, ते यामुळेच.

या तपाचा मूळ हेतू आत्मशुद्धीचा आहे, हे विसरता कामा नये. शेतकरी पेरतो ते धान्यासाठी. कडबा त्याला आपोआप मिळतो. आरोग्य हा ऊणोदरीचा कडबा आहे. मात्र ज्या घरात पन्नाशीतच औषधांचा डबा जेवणाच्या टेबलावर येऊन बसला आहे, त्या घराला या कडब्याचेही मोल मोठे वाटेल.

दूरदेशीचे दोन साक्षीदार

ज्यांचा जैन परंपरेशी काही संबंध आला नाही, अशा लोकांनीही हीच सवय स्वतंत्रपणे अंगी बाणवलेली आढळते. त्यांपैकी पहिला साक्षीदार म्हणजे जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांचा समूह. तेथील वृद्ध जेवणापूर्वी ‘हारा हाची बू’ असे शब्द उच्चारतात. पोटाचे दहा भाग मानले तर आठ भाग भरले की थांबावे, असा त्याचा अर्थ. जपानमध्ये हा विचार जुनाच आहे. काइबारा एक्केन या विद्वानाने १७१३ साली, वयाच्या त्र्याऐंशीच्या सुमारास लिहिलेल्या आरोग्यविषयक ग्रंथातही पोट पूर्ण भरण्याआधी थांबण्याचा उपदेश आहे. ओकिनावात शंभरी ओलांडलेल्या वृद्धांचा पद्धतशीर अभ्यास १९७५ पासून सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तेथील माणसे दिवसाला सुमारे १८०० कॅलरी घेत आणि त्यांचा सुमारे दोन तृतीयांश भाग रताळ्यांतून येई, असे जुन्या नोंदींवरून दिसते.

रताळे हे कंदमूळ. शिवाय ओकिनावाच्या आहारात मासे आणि मांसही होते. त्यामुळे त्यांचे ताट आपण उचलू शकत नाही. उचलायची आहे ती त्यांची थांबण्याची सवय. या कथेचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. १९७२ पर्यंत ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात होती. लष्करी तळांबरोबर झटपट खाद्यपदार्थांची दुकाने, डबाबंद अन्न आणि मोटारी आल्या. दीर्घायुष्याच्या यादीत जपानमध्ये अग्रभागी असलेले ओकिनावाचे पुरुष २००० सालच्या यादीत ४७ प्रांतांत एकदम २६ व्या क्रमांकावर घसरले. जपानमध्ये ही घटना ‘सव्वीसचा धक्का’ म्हणून ओळखली जाते. बेट तेच होते, हवा-पाणी तेच होते, घराणीही तीच होती. सवयी मोडल्या आणि एका पिढीत वारसा खर्ची पडला.

दुसरा साक्षीदार चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचा. इटलीतील व्हेनिसच्या उमराव घराण्यातला लुईजी कोर्नारो हा गृहस्थ तरुणपणी खाण्यापिण्यात बेसुमार होता. चाळिशीच्या आतच पोटाच्या विकारांनी त्याला इतके जर्जर केले, की वैद्यांनी मिताहार हा एकच उपाय उरल्याचे सांगितले. त्याने दिवसभराचे अन्न तोलून बारा औंसांवर आणले. त्या अन्नात आपल्याला वर्ज्य असलेले पदार्थ होते आणि जोडीला द्राक्षमद्यही होते. पण मात्रा ठरलेली होती. वर्षभरात तो बरा झाला. मिताहारावरील त्याचे पहिले लेखन १५५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले. ऐंशी ओलांडून १५६६ मध्ये त्याने देह ठेवला.

त्याने सांगितलेला एक प्रसंग आपल्या घरांत सहज घडू शकेल असा आहे. वय झाले, आता थोडे अधिक खायला हवे, असा धोशा आप्तेष्टांनी त्याच्यामागे लावला. त्याने पुष्कळ समजावले. अखेर त्यांचे मन राखण्यासाठी रोजच्या अन्नात केवळ दोन औंस वाढवले. काही दिवसांतच त्याचा स्वभाव चिडचिडा झाला, ताप आला आणि तो अंथरुणाला खिळला. पूर्वीच्या मात्रेवर परतल्यावरच तो सावरला. आग्रह प्रेमापोटीच होता. त्याची किंमत मात्र खाणाऱ्याच्या शरीराने मोजली.

विज्ञान काय म्हणते आणि काय म्हणत नाही

मिताहाराचा शास्त्रीय अभ्यास जवळजवळ शतकाचा झाला आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले, की पोषक घटक पुरेसे देऊन केवळ एकूण अन्न कमी केलेले उंदीर भरपेट खाणाऱ्या उंदरांपेक्षा अधिक जगले. त्यानंतर अनेक प्राण्यांवर असे प्रयोग झाले. माणसांवरील मोठा प्रयोग अमेरिकेतच झाला. स्थूल नसलेल्या २१८ निरोगी व्यक्तींनी त्यात दोन वर्षे भाग घेतला. आहारातील कॅलरी २५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात सरासरी १२ टक्केच घट साधली. तेवढ्यानेही रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. ३२ घासांतून चार घास वजा केले तर १२.५ टक्के होतात. शास्त्रकारांच्या मापाने पाहता, प्रयोगशाळेतील माणसांना प्रत्यक्षात पेललेली ऊणोदरी चार घासांचीच ठरली.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या प्रथेविषयीही काही अभ्यास झाले आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांना दिवसाचे सारे खाणे सकाळपासून सहा तासांच्या आत, दुपारी तीनपूर्वी संपवण्यास सांगण्यात आले. वजन कमी न होताही त्यांचा रक्तदाब आणि इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. मात्र त्या प्रयोगात अवघे आठ जण होते. एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. दिशा आशादायक आहे, इतकेच म्हणणे रास्त ठरेल.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून, उपवासाने सर्व रोग बरे होतात हे नोबेलने सिद्ध केले, असे संदेश आपल्या भ्रमणध्वनींवर फिरत असतात. ओसुमी यांनी संशोधन केले ते प्रामुख्याने यीस्टच्या सूक्ष्म पेशींवर. पेशी आपलेच जीर्ण घटक मोडून पुन्हा कसे वापरते, या प्रक्रियेची जनुकीय यंत्रणा त्यांनी उलगडली. त्यांनी कोणालाही उपवासाचा औषधोपचार लिहून दिलेला नाही. आपल्या तपाला अशा अतिशयोक्तीच्या टेकूची गरज नाही, आणि एखाद्या रुग्णाने अशा संदेशावर विसंबून औषध सोडले तर त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

स्वयंपाकघराचा ताळेबंद

आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ आणि खतावणी लिहीत आला. दुकानातील एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत दिवा न मालवणाऱ्या पूर्वजांचे आपण वारस आहोत. हीच शिस्त महिन्याच्या किराण्याच्या यादीला लावली, तर घराच्या आरोग्याचा ताळेबंद दहा मिनिटांत मांडता येतो.

चार माणसांच्या घरात महिन्याला मिठाची एक किलोची पिशवी संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ८ ग्रॅम मीठ येते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. लोणचे, पापड आणि विकतचे फरसाण यांतील मीठ या हिशेबात अजून धरलेलेच नाही. चार किलो साखर लागत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम होते. वरून मिळवलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम, असे तीच संघटना सांगते. मिठाईच्या डब्यांची जमा येथेही बाकीच आहे. पाच लिटरचा तेलाचा डबा महिन्यात रिकामा होत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते आणि त्यातूनच साडेतीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या आदर्श ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. पोळीवरचे तूप वेगळे मांडले, तर खात्यात किती ओढ आहे ते स्पष्ट दिसते.

दुसरी नोंद तिथीच्या दिवसांची. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, म्हणून ताटात शेव, पापड, बेसनाचे तळीव पदार्थ येतात. हिरवीचा त्याग घडतो, पण रसांचा भोग दुपटीने होतो. त्याच दिवशी मुगाची साधी डाळ, कडधान्याची उसळ आणि ज्वारीची भाकरी केली, तर तिथीही पाळली जाईल आणि पोटही हलके राहील.

तिसरी नोंद पाकिटांची. कांदा, लसूण, बटाटा नाही, म्हणून एखाद्या पाकिटावर ‘जैन’ असे लिहिलेले असते. तेवढ्याने आतला मैदा, साखर, मीठ आणि तेल कमी होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक नेमका प्रयोग केला. वीस व्यक्तींना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे ताजे अन्न दिले. दोन्ही वेळा हवे तितके खाण्याची मुभा होती. पाकीटबंद अन्न खाताना ती माणसे नकळत दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खाऊन गेली. असे अन्न समोर ठेवून ऊणोदरी पाळणे म्हणजे मिठाईच्या दुकानात बसून उपवास करण्यासारखे आहे.

कोणते घास कमी करावेत?

ऊणोदरी म्हणजे उपासमार नव्हे, हे विशेषतः साठी ओलांडलेल्यांनी लक्षात ठेवले पाहिजे. वयानुसार स्नायू झिजतात, पकड सैल होते, पायऱ्या चढताना कठडा लागतो. अशा वयात सरसकट सगळेच कमी केले, तर चरबीबरोबर बळही जाते. वर उल्लेखिलेल्या दोन वर्षांच्या प्रयोगातही वजनाबरोबर काही प्रमाणात स्नायू आणि हाडांची घनता घटल्याचे आढळले, आणि तेथील माणसे पन्नाशीच्या आतली होती.

म्हणून कमी करायचे घास भाताचे, पुरीचे, गोडाचे आणि तळणाचे, डाळीचे नव्हेत. साठ किलो वजनाच्या प्रौढाला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धापकाळी अनेक तज्ज्ञ ६० ते ७० ग्रॅमचा सल्ला देतात. तीस ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे सात ग्रॅम, पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांतून साधारण तितकीच प्रथिने मिळतात. पातळ वरणाचे चार चमचे आणि ताटभर भात, या जेवणातून ती भरपाई होत नाही. द्विदलाची मर्यादा पाळणाऱ्यांनी एका वेळी घट्ट डाळ किंवा उसळ आणि दुसऱ्या वेळी दूध-दही, अशी विभागणी केली तर दोन्ही साधते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसते. आपल्याला ते दूध-दह्यातून मिळते, तेही मर्यादित. वय वाढले की त्याचे शोषण मंदावते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधानेही ते घटते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण ही लक्षणे वयाची समजून अनेक घरांत दुर्लक्षिली जातात. वर्षातून एकदा रक्ततपासणी करून घेतली, तर वेळीच उपाय होतो.

आणखी एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने नेहमीचाच डोस घेऊन उपवास किंवा एकासणे केले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. चातुर्मासापूर्वी डॉक्टरांकडे जाऊन औषधांची मात्रा आणि वेळ बदलून घेण्यात कमीपणा नाही. आपले तप यथाशक्ती करावे असेच सांगितले आहे, आणि शक्तीचा अंदाज घेणे हा त्याचाच भाग आहे.

चौदा नियमांतील शहाणपण

श्वेतांबर परंपरेत श्रावकाने रोज सकाळी धारण करावयाचे चौदा नियम सांगितले आहेत. त्यांतील तीन नियम आजच्या आरोग्यशास्त्राच्या नजरेने पाहण्यासारखे आहेत.

पहिला द्रव्याचा. दिवसभरात किती प्रकारचे पदार्थ घ्यायचे, याची संख्या आधी ठरवायची. एकाच पदार्थाला जीभ लवकर कंटाळते. नवी चव समोर आली की शमलेली भूक पुन्हा जागी होते. विवाहाच्या भोजनात पोट भरल्यावरही चौथ्या मिठाईला जागा होते, ती याच कारणाने. बारा द्रव्यांची मर्यादा घेणाऱ्याला थांबण्यासाठी वेगळा निग्रह करावा लागत नाही.

दुसरा विगईचा. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळीव पदार्थ या सहांपैकी रोज काहींचा त्याग करायचा. दिगंबर परंपरेतील रसपरित्यागात मिठाचाही समावेश आहे. आठवड्यातून एक दिवस तळीव नाही, एक दिवस गोड नाही, एक दिवस वरून मीठ नाही, असे वारीवार नियम घेतले तर स्वयंपाकघराचा ताळेबंद आपोआप सुधारू लागतो. चैत्र आणि आश्विनातील ओळीची नऊ दिवसांची आयंबिले करणारे हा अनुभव आधीपासूनच घेत आहेत.

तिसरा वाहनाचा. आज किती वाहने वापरायची याची मर्यादा घेतली, की मंदिर, स्थानक, भाजीबाजार ही अंतरे पायांनी कापली जातात. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम प्रौढांसाठी आवश्यक मानला जातो. रोज मंदिरात चालत जाण्या-येण्यास पंचवीस मिनिटे लागत असतील, तर ही गरज सहा दिवसांत भागते.

वंदनेचाही येथे विचार करावा. जमिनीवर गुडघे टेकून नमस्कार करणे आणि आधाराशिवाय उठणे, ही क्रिया पायांचे बळ, लवचिकता आणि तोल यांची कसोटी आहे. ब्राझीलमधील डॉक्टर क्लॉडिओ जिल आराउझो यांनी ५१ ते ८० वयोगटातील दोन हजारांहून अधिक व्यक्तींना असेच खाली बसून उठायला सांगितले आणि पुढील काही वर्षे त्यांची नोंद ठेवली. ज्यांना अनेक आधार घ्यावे लागले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. आज प्रवचनसभेत खुर्च्यांच्या रांगा वाढत आहेत. गुडघ्यांच्या आजारामुळे ज्यांना खुर्ची लागते, त्यांनी ती अवश्य घ्यावी. ज्यांना अजून लागत नाही, त्यांनी ती सोय म्हणून लवकर जवळ करू नये.

निर्णय वाढतानाच

ताटात अन्न टाकायचे नाही, ताट धुऊन ते पाणी प्यायचे, हा आपला जुना संस्कार अभिमानास्पद आहे. पण त्याचा एक अर्थ सहसा ध्यानात येत नाही. जे ताटात आले ते संपवायचेच असेल, तर प्रमाणाचा निर्णय जेवताना होत नाही; तो वाढतानाच होऊन गेलेला असतो. म्हणून ऊणोदरीची पहिली जबाबदारी खाणाऱ्याइतकीच वाढणाऱ्या हाताची आहे. पातेल्यात उरलेली वाटीभर भाजी टाकवत नाही, म्हणून ती शेवटी बसलेल्या गृहिणीच्या पोटात जाते. अनेक घरांत मातांचे आरोग्य या उरलेल्या वाट्यांनी बिघडवले आहे. मोजून शिजवणे आणि उरल्यास दिवस मावळण्यापूर्वी घरकामास येणाऱ्या ताईंना किंवा एखाद्या गरजूला ताजे असतानाच देणे, हाही ऊणोदरीचाच विस्तार आहे.

आग्रहाची रीतही बदलता येईल. पाहुण्याला तिसऱ्यांदा वाढण्याऐवजी त्याच्याजवळ बसून पाच मिनिटे निवांत बोलले, तर त्याचा मान अधिक राखला जातो. पोट भरल्याची जाणीव मेंदूला व्हायला काहीसा वेळ लागतोच. गप्पांत तो वेळ मिळतो आणि पुढचा घास अनेकदा नकोसा होतो.

आरंभ करू इच्छिणाऱ्यांनी एका महिन्यापुरते चार नियम घेऊन पाहावेत. दोन्ही वेळा पोळी, भाकरी किंवा भाताचे दोन घास कमी. शक्य त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवण. दुकान किंवा नोकरीमुळे ते अशक्य असेल, तर रात्रीचे जेवण दिवसातले सर्वांत हलके. आठवड्यातून तीन दिवस तळीव आणि गोडाचा त्याग. रोज किमान एक काम पायी. महिन्याअखेरीस किराण्याची यादी पुन्हा काढावी आणि मागील महिन्याच्या शेजारी ठेवावी. फरक तेथेच दिसेल.

वयाची नव्वदी सर्वांच्याच वाट्याला येईल असे नाही. आयुष्याची मर्यादा आपल्या हाती नाही. मात्र ऐंशीव्या वर्षी वंदनेसाठी स्वतःच्या पायांवर खाली बसता यावे आणि कोणाचा हात न धरता उठता यावे, हे बऱ्याच अंशी आज संध्याकाळी ताटात किती वाढून घेतले यावर अवलंबून आहे. पोळीचा डबा फिरत समोर आला, पोटात अजून थोडी जागा आहे असे वाटले, तर ती जागा तशीच राहू द्यावी आणि हात जोडून उठावे.